पाच रेघांचा पट
ऑफिसात त्यांना सगळे गणितबाई म्हणत. बाईंचं काम एकच, गो खेळणारा प्रोग्रॅम लिहायचा. गो म्हणजे आडव्याउभ्या रेघांचा पट. जिथे रेघा छेदतात तिथे एकाने काळी, दुसऱ्याने पांढरी सोंगटी ठेवायची आणि जास्तीत जास्त जागा वेढायची. खरा पट एकोणीस रेघांचा. त्यावर बाईंचा प्रोग्रॅम त्यांच्या वडिलांकडूनही हरायचा. वडील निवृत्त शिंपी. जिंकले की म्हणायचे, "पोरी, तुझ्या यंत्राला आधी दोरा ओवायला शिकव."

साहेबांच्या कानावर हे गेलं. नाचता येईना तर अंगण लहान करावं, अशा मताचे ते गृहस्थ. पट आधी नऊ रेघांचा झाला, मग सातचा. वडील जिंकतच राहिले. शेवटी पाच रेघा उरल्या. अहवालात साहेबांनी लिहिलं, 'पटाचं सुसूत्रीकरण पूर्ण.'

पाच रेघांवर जागा पंचवीसच. तिथे मात्र प्रोग्रॅम प्रत्येक डाव शेवटापर्यंत पाहून ठेवायचा आणि चुकायचा नाही. साहेबांनी लगेच संस्थेच्या अध्यक्षांना प्रात्यक्षिकाला बोलावलं.

"पहिली खेळी पाहुण्यांची," साहेब म्हणाले. "शिष्टाचार आहे."

"साहेब, एवढ्याशा पटावर पहिला खेळणारा मधोमध बसला आणि पुढे चुकला नाही, तर आपण हरलोच. प्रोग्रॅमला ते ठाऊक आहे."

"अहो, त्यांना खेळ कुठे येतोय? ते मधोमध कशाला बसतील?"

"मोठी माणसं मधोमधच बसतात, साहेब."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी टेबलावर नवं कापड आलं, फुलदाणी आली. अध्यक्षांनी काळी सोंगटी उचलली, पटाकडे क्षणभर पाहिलं आणि बरोबर मध्यावर ठेवली. "इथे शोभून दिसते."

पडद्यावर अक्षरं उमटली : 'मी हरलो. आभार.'

डाव संपला की टाळ्या वाजवायच्या, असं शिपायाला बजावलेलं होतं. त्याने वाजवल्या.

"म्हणजे मी जिंकलो?" अध्यक्षांनी विचारलं.

"एका खेळीत, सर!" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, जीभ तेवढी शाबूत होती.

अध्यक्ष भलतेच खूश झाले. "आमच्याकडे चूक कबूल करायला माणसं तीन-तीन बैठका घेतात. हे यंत्र गुणी आहे! पुढच्या वेळी सगळ्या समितीला आणतो. फक्त डाव जरा लांबवा. जिंकताना घाम यायला हवा."

ते गेल्यावर साहेबांनी फर्मान काढलं, यंत्राने हरायचं, पण झुंजून. बाईंना ते जिवावर आलं. दोन वर्षं खपून ज्याला न चुकायला शिकवलं, त्यालाच आता चुका शिकवायच्या! तरी त्यांनी आधी यंत्राचं मध्येच हार मानणं बंद केलं, मग पाचातली एक खेळी चुकीची घातली.

अध्यक्ष सरावाला आले. प्रोग्रॅम चुकला, अध्यक्ष त्याहून चुकले. त्यांनी आपल्याच सोंगट्यांभोवतीची मोकळी जागा भरून त्यांचा श्वास कोंडला. बाईंनी चुका दुप्पट केल्या, तरी यंत्रच जिंकलं. अध्यक्षांच्या कपाळावर आठी, साहेबांच्या कपाळावर घाम.

आणि तेव्हा बाईंना पहिल्यांदाच त्या कामाची गोडी लागली. शहाण्याकडून हरणं सोपं. चुकणाऱ्याकडून हरायचं तर त्याची पुढची चूक आधी ओळखावी लागते, आणि आपली तिच्याहून मोठी करावी लागते. त्यांनी साहेबांकडे चार सहायक मागितले. कधी नव्हे ते लगेच मिळाले, वर स्वतंत्र खोलीही. दारावर पाटी लागली : 'पराभव संशोधन विभाग.'

सहा महिन्यांनी समितीसमोर अध्यक्ष घाम गाळून एका जागेने जिंकले. खोली टाळ्यांनी दणाणली. बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. सगळं ठाऊक असलेल्या आपल्या यंत्राने अखेरचा कोपरा मुकाट्याने सोडून दिलेला त्यांनी पाहिला होता.

अध्यक्ष रुमालाने मान पुसत त्यांच्याजवळ आले.

"बाई, चांगलं आहे, पण अजून कच्चं आहे हो तुमचं यंत्र. जरा मेहनत घ्या."

"हो सर," बाई म्हणाल्या, "घेते."