झावळ्यांची कमान

"दाबू का?" संपतने विचारलं आणि बटणापर्यंत नेलेला हात मागे घेतला.

"दाबा की काका! बोर्ड घट्ट बसवलाय, फाइल लोड आहे. यल्ला, चला!" नुपूर म्हणाली.

मशीन चालवणारा हाफिज बाजूला सरकून हसत उभा होता. संपतने हिरवं बटण दाबलं. मशीनचं डोकं खाली आलं, फिरतं पातं बोर्डात शिरलं आणि वळण घेत निघालं. बोर्डावर पेन्सिलची रेघ नव्हती, पट्टी नव्हती. तरी पातं मध्येच थांबून मागे येई, एक खाच कोरी आणि पुन्हा पुढे जाई. कडब्याची गंजी उपसावी तसा वास शेडभर पसरला.

"आरं तिच्या!" संपतच्या तोंडून निघून गेलं. मग नुपूर शेजारी आहे हे आठवून तो ओशाळला. "न्हाय म्हंजे, मॅडम, लई भारी हाय ह्ये."

"मॅडम नको म्हणू नका सांगितलं ना... म्हणजे, मॅडम म्हणू नका!" नुपूरचं मराठी घाईत असं अडखळायचं. आईवडील पुण्याचे, पण ती लहानपणापासून इथे कतारमध्ये, दोह्यात वाढली होती आणि मराठी फक्त घरात बोलायची.

संपत माण तालुक्यातला सुतार. कतारमध्ये आल्यापासून त्याने शटरिंगच केलं होतं. प्लायच्या पेट्या उभ्या करायच्या, त्यांत काँक्रीट ओतलं जायचं, ते धरलं की पेट्या ठोकून काढायच्या. सुट्टीला गावी गेला की बायको पारूबाई फोनमधले टॉवर बघून विचारायची, "यातलं तुमी काय क्येलंय?" तो म्हणायचा, "भायरून माजं काम व्हतं. आता न्हाय."

आता फुटबॉलचा वर्ल्ड कप पुढच्या वर्षावर आला होता. स्टेडियमं उभी राहिली होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांवर सावली हवी होती. नुपूरने अशा एका वाटेसाठी कमानींचं छत डिझाइन केलं होतं, तेही खजुराच्या झावळ्यांचं. बागांमधून छाटणी झाली की झावळ्यांचे ढीग फेकून दिले जात. त्यांचे देठ चिरून, झाडांच्या डिंकात दाबून एक कारखाना बोर्ड करत होता. त्या बोर्डांतून मशीन तुकडे कापायचं. एकासारखा दुसरा तुकडा नव्हता. प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि सगळे एकमेकांत अडकले की खिळ्याशिवाय कमान उभी राहणार होती.

राहणार होती, असं कॉम्प्युटर म्हणत होता. गुरुवारी प्रकल्पाचे साहेब येऊन एक कमान प्रत्यक्ष बघणार होते. नाही जमलं तर लोखंडी पाइप आणि कापड. "आणि तुम्ही सगळे परत शटरिंगला," फोरमन उस्मानने सांगून ठेवलं होतं.

संपतला परत जायचं नव्हतं. तो सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तुकड्यांवरून हात फिरवायचा.

बुधवारी त्यांनी शेडसमोरच्या अंगणात कमान जुळवायला घेतली. पहिले तुकडे बसले. पुढचा खाचेच्या तोंडाशीच अडला. त्याच्या पुढचाही. आदल्या दिवशी ते अंगणात उतरवून ठेवले होते, आणि समुद्रावरून दमट वारा सुटला होता. एसी शेडमध्ये कापलेलं लाकूड फुगलं होतं.

"त्यात काय एवढं," म्हणत संपतने रंधा काढला. "जरा जरा घासतो, बसतंय बगा."

"काका, नको!" नुपूर धावत आली. "हा घासला तर शेजारच्याचा अँगल बदलेल, मग त्याच्या शेजारच्याचा. शेवटचा तुकडा जमिनीला टेकणारच नाही."

संपतने रंधा खाली ठेवला. तिचं म्हणणं त्याला पटलं, पण हात नुसते ठेवून उभं राहणं जमेना. "मंग मी काय करू?"

ती उलट्या बादलीवर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला. "तुम्ही मोजून सांगा. किती फुगलेत, कुठल्या बाजूने."

मग एकच धांदल उडाली. संपत मापं ओरडत होता, नुपूर आकडे भरत होती, हाफिज बदललेल्या फाइलने खाचा पुन्हा कोरून आणत होता. लाकूड पुन्हा पाणी पिऊ नये म्हणून उस्मान स्वतः बाह्या सरसावून कापलेल्या कडांना तेल चोळायला बसला. संपतने पुन्हा कोरलेला तुकडा खाचेत धरला, लाकडी हातोड्याने एक ठोका दिला.

टक्.

"बसला?" नुपूरने श्वास रोखून विचारलं.

"बसला म्हंजे? जावई बसावा तसा बसला!"

हाफिजला काही कळलं नाही, तरी तोच सगळ्यांत मोठ्याने हसला.

गुरुवारी कमान उभी होती. साहेब कतारीच होते. अंगातल्या पांढऱ्या पायघोळ थोबला भुसा लागेल याची पर्वा न करता त्यांनी तिला खांदा लावून ढकलून पाहिलं. वर वाळूच्या गोण्या टांगल्या. कमान बारीकशी कुरकुरली आणि थांबली. संपतच्या हातात आधाराचा दोर होता. तो दोर सैलच राहिला.

"माझे आजोबा झावळ्यांच्या घरात राहायचे," साहेब मोडक्या हिंदीत संपतला म्हणाले. मग नुपूरकडे वळून त्यांनी इंग्रजीत काही विचारलं. तिने उत्तर दिलं. त्यातला 'रिमूव्ह' एवढा शब्द संपतला कळला. साइटवर आयुष्यभर तोच ऐकला होता.

साहेब खूश होऊन गेले. सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. संपत दोर गुंडाळत राहिला.

"काका, पास झालो आपण! चेहरा का असा?"

"काडून टाकनार व्हय ह्ये?"

"वर्ल्ड कप झाल्यावर. सगळं भरडून खजुराच्या बागेत घालायचं, झाडांच्या मुळाशी. तसंच डिझाइन केलंय मी. कचरा उरत नाही."

"मला वाटलं, ह्ये तरी ऱ्हाईल."

"सॉरी काका. मी आधी सांगायला हवं होतं."

"न्हाय, तुमचं काय चुकलं." त्याने दोराला गाठ मारली. मग कमानीकडे बघत विचारलं, "बाकीच्या कंदी कापायच्या?"

"शनिवारपासून."

"मंग शनवारी बटन मी दाबनार. हाफिजला सांगून ठिवा."

पुढच्या मे महिन्यात शेवटची कमान वाटेवर चढली. उन्हाने डांबर मऊ पडलं होतं. छताखाली मात्र झावळ्यांच्या जाळीतून आलेल्या उन्हाचे लहान लहान कवडसे होते आणि वारा फिरत होता. संपत शिडीवर होता. एकच पाचर बसवायची राहिली होती.

जेवणाची सुट्टी झाली. पलीकडे फरशी बसवणारे नेपाळी आणि बंगाली कामगार रस्ता ओलांडून आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डबे उघडून ते कमानींखाली बसले. छताकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

उस्मान तरातरा निघाला. "उद्या उद्घाटन आहे, फरशी खराब करतील."

"बसू दे," नुपूर म्हणाली.

उस्मानने संपतकडे पाहिलं. संपतनेही वरूनच मान हलवली. उस्मान थांबला, आणि थोड्या वेळाने स्वतःच एका कडेला टेकला.

शिडीच्या बरोबर खाली एक माणूस हेल्मेट उशाला घेऊन आडवा झाला होता. बघता बघता त्याला झोप लागली. चेहऱ्यावर कवडसे हलत होते, तोंड अर्धवट उघडं होतं.

संपतने हातोडा उचलला होता. त्याने तो हळूच कमरपट्ट्यात अडकवला, पाचर खाचेला लावली आणि आवाज न करता तळहाताने रेटत राहिला.