हेडफोनची गादी

उकंडराव जानेफळच्या बसथांब्याजवळ मोटरसायकलींचे सीट कव्हर शिवतात. त्यांची बायको कोकिळा दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा आवाज आता एकाच जागी उरला होता, मोबाइलमधल्या एका छोट्या निरोपात.

नाव कोकिळा, पण आवाज जाड, छातीतून येणारा. मोबाइलच्या स्पीकरवर तो पत्र्यासारखा वाजायचा. म्हणून मुलीने, अपेक्षाने, हेडफोन आणून दिला. त्यात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उकंडरावांनी वळून मागे बघितलं होतं. तेव्हापासून ते रोज एकदा तरी तो निरोप ऐकत.

या उन्हाळ्यात कानावरच्या गाद्या फाटल्या. काळे पापुद्रे मानेला चिकटायला लागले. सीट शिवणाऱ्या माणसाला दोन गाद्या म्हणजे किती काम? त्यांनी चांगलं रेक्झिन घेतलं, आत फोम भरला, बारीक टाके घालून गाद्या बसवल्या. दिसायला जुन्यांपेक्षा देखण्या झाल्या.

निरोप लावला. शब्द तेच होते, पण बोलणारी कोकिळा नव्हती. दुरून बोलणारी, बारीक आवाजाची कोणी परकी बाई होती.

ते तसेच उठून मोबाइल दुकानदार अविनाशकडे गेले.

"काका, नवीन गादी हाये," अविनाश म्हणाला. "शंभर तास वाजू द्या, मंग आवाज खुलते."

"शंभर?"

"हाव. तुमीच नाही का गिऱ्हाइकाले सांगत, सीट बसू दे, मंग आराम वाटन म्हणून?"

आपलंच बोलणं समोर आल्यावर उकंडरावांना ते पटलं. आठ दिवस हेडफोन खाटेवर गाणी वाजवत पडून राहिला. शेजारच्या तानाबाई डोकावून गेल्या.

"भावजी, कोनासाठी लावून ठेवलं हे? खाट ऐकून राह्यली काय?"

"खाटच ऐकते. मले सांगतलं तसं करून राह्यलो."

नवव्या दिवशी कानाला लावलं तर आवाज तसाच. आता उकंडराव खरे घाबरले. गाद्यांचं जाऊ द्या, आपल्याच डोक्यातून तिचा आवाज पुसला जातोय की काय? निरोप संपला की ते पुन्हा लावत. शेवटी दमून त्यांनी मान कलती केली आणि डोकं तळहातावर टेकलं. तळव्याने एक गादी दाबली गेली.

त्या कानात कोकिळा बोलली.

हात काढला, ती गेली. हात ठेवला, ती आली.

त्यांनी गादी उजेडात धरली. कडेकडेने सुईचे टोचे होते, एकसारखे, त्यांनीच मारलेले. सीट कव्हरला टोचे मारावेच लागतात. नाहीतर माणूस बसला की हवा कोंडते आणि रेक्झिन फुगतं. तीस वर्षांची सवय, हाताने न विचारता केलेलं काम. त्याच भोकांतून तिच्या आवाजातला जाडपणा निघून जात होता.

"गाढवा," ते स्वतःलाच म्हणाले, "बायकोच्या आवाजावर कोनी बसनार होतं काय?"

दुसऱ्या गाद्या शिवल्या. टोचा एकही मारला नाही. शिवणीची भोकं बुजावीत म्हणून आतून चिकटवायचं सोल्युशन लावलं. चष्म्याच्या काडीपाशी फट राहत होती, तिथे जास्त मऊ फोम घातला. मग हेडफोन घातला आणि तासभर तसेच काम करत राहिले, फोम कानाभोवती नीट दबेपर्यंत. त्यानंतर निरोप लावला.

"अवो, ऐकता काय? वामनरावाच्या घरून ताक आनलं. जेवायले लवकर या, नाही तर म्याच पिऊन टाकीन."

आवाज तिचाच होता, सगळाच्या सगळा. "पिऊन टाकीन" म्हणताना ती आतल्या आत हसली होती. ते हसू उकंडरावांना जुन्या गाद्यांतही कधी ऐकू आलं नव्हतं.

हेडफोन घेऊन ते अविनाशच्या दुकानात गेले आणि निरोप लावून तो त्याच्या डोक्यावर चढवला. अविनाश ताठ झाला.

"काकूच हायेत."

"मंग काय, तुह्या मावशीचा फोन हाये?"

"म्हणजे शंभर तास झाले वाटते."

"एक तास लागला. बसते ते गादी असते बे, अन् ते डोक्यावर बसते, खाटेवर नाही."

अविनाशने काउंटरखालून स्वतःचा हेडफोन काढला. त्याच्याही गाद्या सोलल्या होत्या.

"काका, माह्या बी करून द्या ना."

"देईन. पन आधी माहा काढ डोक्यावरून," उकंडराव म्हणाले. "मले जेवायले बोलावलं हाये."