काकासाहेबांचं ओलं दार

काकासाहेबांनी बांधावरचा निंब चैत्र शुद्धात पाडला आणि आठव्या दिवशी मला म्हणाले, "संपत, बैठकीला दार कर."

मी गावचा सुतार. झाड वद्यात तोडावं, नाहीतर भुंगा लागतो, आणि वर्षभर सावलीत वाळवावं, एवढं माझ्या शेळीलाही ठाऊक आहे. इथं रंधा मारला की लाकडाला पाणी सुटत होतं.

"मालक, हे वाळलं की आकसंल आन् ओल धरली की फुगंल."

"निंब माझा, दार माझं. तुला काय करायचं?"

केलं. वैशाखात फळ्या आकसल्या आणि फटींतून उघड्या अंगानं घोरणारे काकासाहेब अख्ख्या गल्लीला दिसू लागले. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग त्यांनी फटींत पट्ट्या ठोकायला लावल्या. "आखाडात काय व्हईल?" म्हटलं, तर डोळे वटारले. मीही चिडलो आणि पट्ट्या अगदी घट्ट बसवल्या.

आषाढात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी दुपारी शाळेत सभा होती: सरकारी हातपंप कुठं घ्यायचा? काकासाहेबांना तो स्वतःच्या ओट्यासमोर हवा होता. बौद्धवस्तीला तो वस्तीत हवा होता, कारण तिथल्या बायका काकासाहेबांच्या विहिरीवर रिकाम्या घागरी घेऊन ताटकळायच्या. कुणी वरून ओतलं तर पाणी. मला त्याचा संताप यायचा, पण काकासाहेबांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याविरुद्ध हात वर करायची कुणाची छाती नव्हती. माझीही नव्हती.

त्या दिवशी काकासाहेब जेवून बैठकीत दार रेटून लावून लवंडले. उठले तर फुगलेलं दार हलेना. मला बोलावणं आलं.

"कुऱ्हाड घालू का, मालक?"

"नव्या दाराला कुऱ्हाड? खबरदार! पटाशीनं काढ. जल्दी!"

मी कडेची एकेक ढलपी अशी काढली, जणू नथ घडवतोय. मध्येच गाठ लागली. तिथं मी बिडी पेटवली.

"काय करतोयस रे?" आतून गर्जना झाली.

"गाठ हाय, मालक. दमानं घ्यावं लागतंय."

दार उघडलं तेव्हा सभा उठली होती. पंप वस्तीला मिळाला, फक्त दोन हात जास्त पडले म्हणून.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बालवाडीच्या बाई, सत्यशीला, माझ्याकडे आल्या. आभार मानायला आल्या असणार, म्हणून मी मिशीला पीळ दिला.

"संपतभाऊ, काकासाहेब अडकले म्हणून लोकांचे हात वर झाले. तुमचे उपकार हायेत."

"त्यात काय एवढं!"

"पण तुमचा हात दिसला न्हाई."

"मी दाराशी नव्हतो का?"

"पटाशी तिथंच ठेवून सभेला आला असता, तर काकासाहेब कुठं पळून जाणार व्हते?"

मी मिशीवरचा हात खाली घेतला.