'र'चं काम

'र'च्या पोटाची शेवटची शिवण मारून टेलरबाईने दातांनी दोरा तोडला आणि मापं पडताळायला शाळेतून आलेली चिठ्ठी पुढे ओढली. 'र', छाती सव्वीस. तिचा हात थांबला. तिच्या लेकीची, मुंगीची, छाती बावीस. पोरीचं माप तोंडपाठ, म्हणून हा एकच पोशाख तिने चिठ्ठी न बघता बेतला होता. पंधरा वर्षांच्या धंद्यात असला गाढवपणा पहिल्यांदाच झाला.

पण मुंगी तर पंधरा दिवस घरभर सांगत होती, नाटकात 'र'चं काम माझ्याकडे आहे! मग हे सव्वीसचं कोण उपटलं?

नाटक अक्षरांचं होतं. 'र' एका पायाने अधू, म्हणून बाकीची अक्षरं त्याला खेळायला घेत नाहीत. मग 'र'वाचून कुणाचं घर होईना, दार होईना. शेवटी सगळी त्याचा हात धरून गातात, वेगळा असला तरी आपलाच. मुंगीचा डावा पाय जन्मापासून दोन इंच आखूड. ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टेलरबाईने पदराने डोळे पुसले होते, आणि अकरा पोशाख फुकट शिवायचं कबूल केलं होतं.

दारातल्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगून तिने गठ्ठा खांद्यावर टाकला आणि तरातरा शाळा गाठली.

स्टेजवर औषधवाल्याची मुलगी लंगडत होती. खाली बाकावर बसून मुंगी ओरडत होती, "टाच उचलू नकोस! आणि खांदा जाऊ दे की खाली, अडवू नकोस त्याला."

टेलरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मुंगी 'र' नाही?" तिने नाटक बसवणाऱ्या बाईंना गाठून विचारलं.

"अहो, ती तर आमची मास्तरीण!" बाई कौतुकाने म्हणाल्या. "तिच्यासारखं दुसरं कोण शिकवणार?" त्या मनापासून बोलत होत्या, तेच जास्त झोंबलं.

"मग तीच का नाही करत?"

बाईंनी आवाज खाली आणला. "पायऱ्या आहेत ना चढायला. आणि उद्या पाहुणे येणार. खरंच लंगडणारं मूल समोर आलं की लोकांना कसंतरी होतं हो. पोरीलाही वाईट वाटेल."

"आणि तिचं लंगडणं दुसरीला शिकवायला लावलंत, तेव्हा नाही वाटलं वाईट? लोका सांगे ब्रह्मज्ञान! लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" तिचा आवाज सगळ्या हॉलभर गेला. "हे अकराच्या अकरा पोशाख मी परत नेते. नाचवा तुमची अक्षरं गणवेशात!"

तिने गठ्ठा खरोखरच उचलला, तशा बाई पांढऱ्याफटक पडल्या. नाटक उद्यावर आलेलं. त्यांनी एकदा गठ्ठ्याकडे पाहिलं, एकदा मुंगीकडे.

"बरं. करू दे मुंगीला."

औषधवाल्याची मुलगी हिरमुसून खाली उतरली. तिचा यात काही दोष नव्हता, पण त्या क्षणी टेलरबाईला तिचीही कीव आली नाही. मुंगी कठड्याला धरून चारही पायऱ्या चढली. पोशाख अंगावर अस्सा बसला! आई दाराशी जाऊन उभी राहिली.

"हं, चल बघू," बाई म्हणाल्या.

मुंगीने ओठ घट्ट मिटले. पाठ ताठ केली, खांदे एका रेषेत धरले आणि डाव्या चवड्यावर सगळा भार पेलत एकेक पाऊल सरळ टाकू लागली. अर्ध्या स्टेजपर्यंत येता येता तिच्या कपाळावर घाम आला.

"अगं, असं काय? मघाशी दाखवत होतीस तसं चाल ना. मोकळी चाल."

मुंगीने दाराकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आई आहे ना इथे," ती हळूच म्हणाली. "आईसमोर तसं नाही चालायचं."