ऱ्हाईनच्या धारेत सारजाबाई

सारजाबाई लेकीकडं स्वित्झर्लंडात महिनाभर राहून सोलापूरला परत आली आणि घरी बायकांची रीघ लागली. लेक सृष्टी राहते ते गाव बाझल, मधून ऱ्हाईन नदी वाहते.

"तितं तुला सगळ्यात काय आवडलं गं?" शेजारच्या मायाक्कानं विचारलं.

"नदीच्या पायऱ्या," सारजाबाई म्हणाली. "कामं आटोपली की सगळं गाव तितं येऊन बसतंय. कुणी भाजून खातंय, कुणी नुसतंच लोळतंय. आमी मायलेकी भाकरी आन् शेंगाची चटणी खायचो."

"आन् नदीत?"

"लोक पवत्यात की! माशाच्या आकाराची पिशवी असती. कपडे तिच्यात घालायचे, तिचं तोंड घट्ट गुंडाळायचं, पाठीला अडकवायचं आन् धारेला लागायचं."

आपणही धारेला लागलो, हे मात्र तिनं गिळलं. माळशिरसला विहिरीत भावांबरोबर पाठीला डबा बांधून ती पोहायला शिकली होती. पुढं डब्याची गरज उरली नाही आणि पोरगी पाण्यातून बाहेर निघायचं नाव घेईना. लग्न ठरलं तेव्हा आईनं दम भरला, "सासरी हे बोलायचं न्हाय." न्हाय म्हणजे न्हाय! नवऱ्याला, कोंडीबालासुद्धा कधी कळलं नाही. आणि आता या वयात, पोहण्याच्या कपड्यात, परक्या गावच्या नदीत! कोंडीबाला कळलं तर काय म्हणेल, या धास्तीनं परत आल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता.

आणि सृष्टीनं घोळ घातलाच. आईला एकटीला पाठवायचा तिचा नदीतला फोटो तिनं घरच्या ग्रुपवर टाकला. मामा, काका, आत्या, सगळे त्यात. आता बोला!

कोंडीबाचा फोन वाजला. चष्मा लावून तो बघतच राहिला. रागरंग ओळखून मायाक्का उठून गेली.

"ही तूच?"

"व्हय."

"कवापास्नं येतंय पवायला?"

"लग्नाच्या आधीपास्नं."

कोंडीबानं फोटो बोटांनी मोठा केला आणि तिच्या चेहऱ्यावर आणून थांबवला.

"एवढी हसताना मी तुला कधी बघितली न्हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

सारजाबाईला रडू आलं, रागही आला. "हितल्या पवायच्या तलावावर सकाळी बायकांची वेळ असती," ती एका दमात बोलून गेली. "मला जायचंय."

तेवढ्यात ग्रुपवर त्याच्या बहिणीचा मेसेज आला, 'वहिनी, हे काय गं?' कोंडीबानं तो वाचला आणि एकेक अक्षर हुडकत उत्तर लिहिलं, 'पवती ती. लई चांगली.'

मग चष्मा काढून म्हणाला, "सकाळी किती वाजता सोडू?"