वास धुतलेलं कोकरू

रंगनाथ आप्पांना मेंढरांचं खत पाहिजे होतं, मेंढरांचा वास नको होता. आता ही दोन्ही एकाच ठिकाणाहून निघतात, हे निफाड तालुक्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायचं? पण आप्पांनी द्राक्षबागेच्या कडेला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या, धाकटी सून सुवर्णा त्या खोल्यांचं बघायला लागली, आणि तेव्हापासून आप्पांचं नाक बदललं. ज्या नाकाने तीस वर्षं लेंडीखत पारखलं, ते आता रुमालात राहायला लागलं.

शुक्रवारी त्यांनीच सावळीरामला फोन करून बोलावलं होतं. गहू निघालाय, रान मोकळं आहे, आठ दिवस मेंढरं बसवा. सावळीराम आणि त्याची बायको ठमाबाई नांदगावकडून निघालेली माणसं. बिऱ्हाड लादलेली घोडी, जाळ्या, कोंबड्या, एक कुत्रा आणि साठ-पासष्ट मेंढरं, असा तो सगळा वाडा शनिवारी आप्पांच्या रानात उतरला. रविवारी सकाळी खोल्यांतले पाहुणे नाक दाबून उठले. आप्पा बांधावर आले आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत वाडा हलवा. एवढं बोलायला त्यांना रुमाल खाली घ्यावा लागला नाही.

वाड्यात बोलणारी ठमाबाई होती, पण तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. परवा बाभळीचा पाला तोडताना कोयती तळव्यात घुसली होती, सरकारी दवाखान्यात सहा टाके पडले होते, आणि ठणका असा होता की तोंड उघडलं तर शिवीच बाहेर आली असती. सावळीराम मेंढरं घेऊन कालव्याकडे चारायला गेला. जाताना एवढंच म्हणाला, की काजळी आणि ढवळी आज व्यायच्या, दोघींवर डोळा ठेव.

काजळी पहिलटकरीण. डोळ्यांभोवती काळी कडी असलेली तरणी मेंढी. नऊच्या सुमारास ती बांधाच्या सावलीत व्याली. मादी कोकरू, डोळ्यांभोवती तशीच कडी. ती कोकराला चाटायला लागली तेव्हा ठमाबाईला बरं वाटलं, कारण पहिलटकरणीचा भरवसा नसतो. तेवढ्यात जाळीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे, ढवळी कण्हायला लागली. ही थोराड, चार वेताची. पाणमोट फुटलेली आणि बाहेर आलेलं काय, तर कोकराचं नाक आणि एकच खूर. दोन खूर आणि त्यावर टेकलेलं नाक, असं यायला पाहिजे. एक पाय मागे राहिला होता.

ठमाबाई ढवळीपाशी अर्धा तास बसली. काजळीकडे पाठ करून. चूक म्हणायची तर तेवढीच.

वळून बघते तर काजळी वेड्यासारखी बांधाबांधाने ओरडत फिरत होती आणि कोकरू नव्हतं. कुत्रा जिभल्या चाटत बसला होता.  ठमाबाईने डाव्या हाताने धोंडा उचलून कुत्र्याच्या पेकाटात घातला. पण कुत्र्याने फक्त वार खाल्ली होती, कोकराच्या मागून पडलेली. कोकरू खोल्यांकडे होतं. तिकडून लेकरांचं हसणं ऐकू येत होतं.

सुवर्णाने कोकरू पांढऱ्या टॉवेलात धरलं होतं. गळ्यात गुलाबी रिबीन. केस वाळवायच्या यंत्राने अंग फुलवलेलं, आणि समोर मुंबईची दोन पोरं फोटो काढत होती. तिने सगळं मोठ्या कौतुकाने सांगितलं. किती चिकट झालं होतं, कसं कुडकुडत होतं, पाहुण्यांची पोरगी त्याच्यासाठी कशी रडायला लागली, म्हणून तिने घरातला लहान बाळाचा शाम्पू लावून गरम पाण्याने धुवून काढलं.

"आता बघा मावशी, किती गोड दिसतंय."

"उचलायच्या आधी त्याच्या आईला विचारलं का?"

सुवर्णा हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करते.

गंमत पाच मिनिटांत कळली. ठमाबाईने कोकरू काजळीपुढे ठेवलं. ओरडणारी काजळी धावत आली, शेपटीखाली नाक नेलं, हुंगलं, आणि मागे सरली. पुन्हा हुंगलं. मग मान खाली घालून अशी टक्कर दिली की कोकरू कोलांटी खाऊन जाळीवर आदळलं. आणि टक्कर देऊन झाल्यावर ती पुन्हा बांधाकडे तोंड करून आपल्या कोकराला हाका मारायला लागली.

मेंढी डोळ्यांनी लेकरू ओळखत नाही. व्याल्यावर पहिल्या तासात चाटता चाटता जो वास नाकात बसतो, ते तिचं लेकरू. बाकी सगळी परकी. हे शहाण्या माणसांना ठाऊक नसतं, त्याबद्दल राग नाही. राग याचा, की विचारायचं सुद्धा कुणाच्या डोक्यात येत नाही. कोकरू गोड दिसलं की उचलायचं, आणि ते ज्यांच्यात जन्मलं त्यांना वास मारतो म्हणून हाकलायचं.

ठमाबाईने येतं ते सगळं केलं. एका हाताने काजळीचा थोडा चीक पिळून कोकराच्या पाठीवर चोळला. दातांनी आणि डाव्या हाताने तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. तसाच मागचा पाय खुंट्याला बांधून कोकराला चार घोट जबरदस्तीने पाजले. सोडलं की टक्कर. तिसऱ्या टकरीला कोकराच्या नाकातून रक्त आलं. अंगाला वार चोळली असती तर जमलंही असतं, पण वार कुत्र्याच्या पोटात होती.

अकराच्या सुमारास आप्पा पुन्हा आले आणि उदारपणे म्हणाले, की मेंढी घेत नसेल तर राहू दे ते इथेच, सूनबाई बाटलीने वाढवील, पाहुण्यांनाही विरंगुळा. ठमाबाईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. गेल्या साली एका मळ्यावर तिने असंच एक कोकरू लेकरांना खेळायला म्हणून ठेवलं होतं. चार महिन्यांनी परतीच्या वाटेवर चौकशी केली तर तिथला गडी हसला. मोठं झालं होतं, फोटोत बरं दिसत नव्हतं. धुळवडीला पाहुण्यांनी खाल्लं. आणि बरोबर न्यावं तर बाटलीवरचं कोकरू रस्त्यात टिकत नाही. या हिवाळ्यात तिने तशी तीन पुरली होती, तिसरं तर लासलगावच्या अलीकडे डांबरी सडकेच्या कडेला. म्हणजे हिशेब सरळ होता. वाडा हलायच्या आत या कोकराला आई मिळाली तर ते जगणार, नाहीतर नाही.

आणि तिकडे ढवळी अडलेलीच.

ठमाबाईने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. रविवार. वाजून वाजून बंद झाला. सावळीरामला लावला. तो म्हणाला, मेंढरं हाकत यायला दीड तास लागंल. आला असता तरी उपयोग नव्हता, त्याचा पंजा म्हणजे फावडं. मागे राहिलेला पाय काढायला बारीक हात लागतो, आणि वाड्यातला बारीक हात गळ्यात बांधलेला होता; डाव्याला त्या कामाची सवय नव्हती.

तिने डाव्या हाताची करंगळी ढवळीच्या कोकराच्या तोंडात घातली. जीभ सुजून निळी पडली होती. जिवंत कोकरू बोट ओढतं. याने ओढलं नाही. तोंड गार होतं.

ठमाबाईने करंगळी लुगड्याला पुसली. आत मेलेलं आहे. ते निघालं नाही तर ढवळीही जाईल. आणि निघालं, तर ढवळीकडे पान्हा असेल, आत्ताच व्याल्याचा उमाळा असेल, आणि लेकरू नसेल. तिने मान वळवून जाळीजवळच्या त्या धुतलेल्या कोकराकडे पाहिलं. ते पाय पोटाशी घेऊन गप पडलं होतं.

तेवढ्यात सुवर्णा बाटलीत पावडरचं दूध घेऊन आली. डोळे लाल होते. रक्त आलेलं तिने लांबून पाहिलं होतं. ठमाबाईने बाटलीकडे बघितलं नाही. तिच्या हाताकडे बघितलं. लहान, निमुळता, मनगट बांगडीच्या मापाचं.

"बांगड्या काढ. अंगठी काढ. नखं बारीक कर."

"मी? मावशी, मला नाही जमणार. मी कधीच…"

"सकाळी आंघोळ घालायला जमलं ना?"

सुवर्णाने बांगड्या, अंगठी काढली, नखं कापली. तिने कपड्याच्या साबणाने कोपरापर्यंत हात घासला, ठमाबाईने त्यावर गोडं तेल ओतलं, ढवळीच्या मागे घमेलं सरकवलं आणि बजावलं, की जे पाणी पडंल त्यातला थेंब बाहेर सांडायचा नाय. कशाला ते सांगितलं नाही.

पुढची वीस मिनिटं सुवर्णा जन्मात विसरणार नाही. ठमाबाई ढवळीच्या मानेवर गुडघा टेकून बसली होती आणि एका पट्टीत बोलत होती. कळ आली की थांब. कळ गेली की डोकं आत लोट. भिऊ नको, जागा हाय. आता बाजूने खाली जा. काय लागतंय? सुवर्णा म्हणाली, हाड लागतंय. गुडघा का खांदा? तिला सांगता येईना. घाम नाकावरून गळत होता. आतून कळ आली आणि तिचा हात असा आवळला गेला की ती दातओठ खाऊन बसली, पण हात काढला नाही. कळ ओसरली. ती म्हणाली, गुडघा आहे, दुमडलाय.

"आता त्याच्या खाली जा. खूर तळव्यात झाक. उघडा खूर ओढशील तर पिशवी फाटंल अन् मेंढी माझ्यापुढं मरंल. झाकला का?"

"झाकला."

"आण पुढं. सावकाश."

पाय आला. दोन खूर, त्यावर नाक. मग पुढच्या कळेला दोघींनी मिळून खाली ओढलं आणि कोकरू सगळ्या पाण्यासकट घमेल्यात आलं. सुवर्णा रडत हसत होती. तिने त्याच्या तोंडावरचा चिकट पदर पुसला, नाकात फुंकर मारली, छाती चोळली. एक मिनिट. दोन मिनिटं.

"मावशी, हे हलत नाही."

"सकाळीच गेलंय ते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सांगितलं असतं तर हात घातला असतास?"

 ठमाबाईला तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. मेलेलं कोकरू तिने पोत्याखाली सारलं, म्हणाली, ते धुतलेलं आण, पळ. सुवर्णा पळत गेली. ठमाबाईने त्याच्या गळ्यातली गुलाबी रिबीन एका हिसक्यात सोडली आणि सुवर्णाकडून त्याच रिबिनीने त्याचे तीन पाय बांधून घेतले. आत्ता जन्मलेलं लेकरू लगेच उभं राहत नाही, आणि ढवळी चार वेताची होती, तिला फसवायचं म्हणजे नीट फसवायला पाहिजे. मग तिने ते घमेल्यात बुडवलं. पाठ, पोट, शेपटीखाली, कानामागे. शाम्पूने फुललेली लोकर चिकट, पिवळी, घाण झाली. सकाळी होती तशी.

ते ढवळीच्या नाकापुढे ठेवलं.

ढवळीने मान उचलली नाही. दमली होती. कोकरू बांधल्या पायांनी वळवळलं आणि बारीक ओरडलं. ढवळीचा कान हलला. तिने नाक पुढे आणलं, हुंगलं, फुर्रकन शिंकली आणि तोंड फिरवलं.

"शाम्पू," सुवर्णा पुटपुटली.

ठमाबाईने शिवी दिली, कुणाला ते तिलाच ठाऊक. ढवळीची वार आता उतरत होती. तिने ती डाव्या मुठीत धरली आणि कोकराच्या डोक्यावरून, शेपटीवरून गच्च फिरवली. कुत्रा सरकायला लागला तसा सुवर्णाने ओरडून त्याला हाकललं. पुन्हा नाकापुढे. ढवळीने हुंगलं. थांबली. परत हुंगलं, शेपटीखाली. मग घशातल्या घशात, तोंड न उघडता, जड आवाजात गुरगुरली. मेंढी तो आवाज नव्या लेकराशिवाय कुणाशी करत नाही. आणि तिने जीभ काढली.

ठमाबाईने रिबीन सोडली. कोकरू दोनदा पडलं, तिसऱ्यांदा उभं राहिलं, धडपडत कासेला लागलं. त्याची शेपटी थरथरायला लागली, म्हणजे दूध आलं.

आप्पा रुमाल लावून आले तेव्हा सुवर्णा चिखलात बसलेली होती, कोपरापर्यंत रक्त आणि चिकट पाणी. त्यांनी विचारलं, वाडा कधी हलतोय. ठमाबाई उत्तर द्यायला वळली, पण सुवर्णाच आधी बोलली. म्हणाली, आज नाही हलणार, उद्या बघू, आणि पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, वास तुमच्या सुनेचा येतोय. आप्पा दोन पावलं मागे सरले. ठमाबाईला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. एवढं बोलायला या पोरीने अर्धा दिवस घालवला होता.

आप्पा गेल्यावर रानात शांत झालं असतं. पण बांधावर काजळी अजून ओरडत होती. कास दगडासारखी भरलेली. चार पावलं जायची, थांबायची, हाक मारायची, कान टवकारायची.

"ही का ओरडते अजून?" सुवर्णाने विचारलं.

"लेकरू हुडकती तिचं."

सुवर्णाने ढवळीच्या पोटाखाली पिणाऱ्या कोकराकडे पाहिलं. काजळीपासून दहा पावलांवर होतं ते. डोळ्यांभोवतीची काळी कडी चिकट लोकरीतूनही स्पष्ट दिसत होती.

ठमाबाई उठली, सुवर्णाची बाटली उचलून पावडरचं दूध ओतून दिलं आणि म्हणाली, चल, धर तिला, एका हातानं मला सगळी कास पिळता यायची नाय. सुवर्णा उठली. काजळीने तिला जवळ येऊ दिलं. तिचे हात हुंगले, आणि पुन्हा बांधाकडे तोंड करून हाक मारली.