शंभराचं घर

आमच्या मालकांना, वीरभद्रप्पांना, एकच याड. जत्रंतले छर्ऱ्याचे फळे गोळा करायचं. दांडी ओढून सोडली की छर्रा वर उडतो, खिळ्यांवर आपटत खाली येतो आणि कुठल्यातरी घरात पडतो. दहाच्या, पन्नासच्या, न्हायतर भोपळ्याच्या. संक्रांतीचा गड्डा, म्हंजे सिद्धेश्वराची जत्रा, उठला की खेळवाले मोडके फळे टाकून द्यायचे, आणि ह्ये ते सायकलीला बांधून बाळीवेशीत घरी आणायचे. बसायला धड पाट न्हाय, पण फळ्यांनी भिंत भरलेली! "ह्यांचीच भाजी करू काय आता?" मी कावायची. बापलेक खिदळायचे. लेक म्हंजे आमची गुरम्मा, नऊ वर्षांची.

गेल्या श्रावणात टायफॉईडनं गुरम्मा गेली. तवापास्नं ह्येंनी एकाबी फळ्याला हात लावला न्हाय. सगळे माळ्यावर टाकले. दुकानातनं यायचं आणि भाकरीकडं बघत बसायचं. माझ्याशीबी बोलणं तुटलं. लेक तर गेलीच, आता ह्यो माणूसबी हातचा जातोय, ह्याचं भ्या वाटायचं. ज्या फळ्यांना जन्मभर शिव्या घातल्या, त्यांनाच ह्येंनी परत हात लावावा म्हणून शेवटी सिद्धेश्वराला नारळ बोलले. काय म्हणावं आता!

गड्डा भरला तशी मी माळ्यावर चढले. गुरम्माचा आवडता हिरवा फळा उतरवला, पुसला, दांडीला तेल दिलं. शंभराच्या घरावरचा एक खिळा वाकडा दिसला. म्हटलं, सरळ केला तर ह्येंना बरं वाटंल. सांडशीनं धरला आणि केला ताठ.

दुपारी ह्ये जेवायला आले, फळा बघितला, खिळ्यांवरनं बोट फिरवलं. आणि असे ओरडले की शेजारची कमलम्मा दारात आली.

"कुणी सरळ केला ह्यो?"

"मी केला. वाकडा होता की!"

"तिनं वाकवला होता गं! तुझीच सांडशी चोरून. छर्रा शंभरात पडावा म्हणून. मला सांगायची न्हाय, आणि मीबी कळलं न्हाय असंच दाखवायचो."

तिचे कपडे वाटून टाकले होते, पाटी देऊन टाकली होती. पोरीच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं, आणि ते मी मोडलं.

ह्ये पक्कड घेऊन बसले. खिळा वाकवायचे, दांडी ओढायचे, बघायचे, परत वाकवायचे. ताट तसंच गार झालं. शेवटी छर्रा शंभरात पडला.

"पडला की ओ!"

ह्येंनी मान हलवली. "तिचा असा न्हाय पडायचा. कडंला टेकायचा, जरा थांबायचा, मग पडायचा."

पक्कड खाली ठेवली आणि ढसाढसा रडले. पोरगी गेल्यापास्नं पहिल्यांदा रडले बघा.

"सरका तिकडं," मी म्हणाले आणि दांडी मीच ओढली. इतकी वर्षं फळे घरात, पण मी कधी खेळले न्हवते. छर्रा टणाटणा आपटत आला आणि वाकडा खिळा चुकवून थेट भोपळ्यात गेला.

ह्येंनी डोळे पुसले. "आधी तिचाबी असाच भोपळ्यात जायचा. म्हणून तर वाकवला."

"मग आईवर गेली होती," मी म्हटलं. दोघंबी रडता रडताच हसलो.

जरा वेळानं ह्येंनी ताट ओढलं. "उद्या गड्ड्यात जाऊ," म्हणाले. "एखादा फळा मिळतो का बघू. खिळा तू वाकव. मला सांगू नको."